पाटीला लागलेला आवाज

“पाटी धरा,” असं सर म्हणाले की इंग्रजीच्या तासाला पाचवीचा वर्ग एकदम चिडीचूप व्हायचा. ज्याची पाळी असेल तो उभा राहून पाटीची एक लाकडी कड स्वतःच्या गळ्याला, हनुवटीच्या जरा खाली टेकवायचा. दुसरी कड सरांच्या हातात. हात कसला, दोनच बोटं. डोळे मिटून, मान थोडी कलती करून सर म्हणायचे, “हां, म्हण.” पोरगं ‘सीट’ म्हणायचं. “लांबव. आजून लांबव. हां, आता सोड.” मग ‘सिट’. “ह्याला लांबवायचं न्हाई. इंगळावर पाय पडल्यावानी झटकून टाक.”

सत्तरीचं दशक अर्धं सरलं होतं. परभणी जिल्ह्यात, ताडकळसच्या अलीकडच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी भूगोल शिकवायला नवी लागले होते. मी मूळची पाथरीची. वय बावीस, पहिली नोकरी, आणि स्वतःच्या हुशारीबद्दल बराच गैरसमज. माझा वर्ग आणि सरांचा वर्ग यांच्यामध्ये पुरुषभर उंचीची भिंत होती, तिच्यावर सगळं मोकळं आणि त्यावर पत्रे. त्यामुळे मी इकडे नकाशावर गोदावरी दाखवत असायचे आणि पलीकडून ‘पूल, पुल, पूल, पुल’ असा घोष चालायचा. माझी पोरं पुढे पुढे नद्यांची नावंही लांबवून म्हणायला लागली.

सर चाळिशीच्या आतले, किडकिडीत. राहायला गावाच्या पूर्वेला, बौद्धवाड्यात. त्या वाड्यातले पहिले पदवीधर आणि पहिले मास्तर. “छप्पन साली आमी धम्म घेतला तवा मी मॅट्रिकला व्हतो,” असं ते अभिमानानं सांगत. बोलायचे खणखणीत, शेजारच्या शिवारात ऐकू जावं असं. शिक्षकांच्या खोलीत कायम भिंतीला पाठ लावून बसायचे आणि कुणी आत आलं रे आलं की आपणच आधी बोलायला सुरुवात करायचे. एकदा सुरू झाले की समोरच्याला प्रश्न विचारायला फट सापडायची नाही. आम्ही म्हणायचो, इंग्रजीचा मास्तर आहे, बडबड्या असणारच.

ऱ्हस्व-दीर्घाचं त्यांना वेड होतं. “आपल्या इकडं ऱ्हस्व-दीर्घ कागदावर असतंय बाई, तोंडात नसतंय,” ते मला म्हणायचे. “इंग्रजी तसली न्हाई. तिला समदं मापात लागतंय. आमच्या लेकरांला उद्या कुणी मोठ्या जागी हसू नये, एवढंच.”

आधी ते थेट पोरांच्या हनुवटीखाली दोन बोटं ठेवायचे. मुलींच्या गळ्याला हात लावणं बरं दिसत नाही म्हणून मुलींसाठी पाटी आली. मग एक दिवस गावातल्या एका मोठ्या घरून निरोप आला, की आमच्या लेकराच्या गळ्याला हात लावायचा नाही. मुलगा होता तो, मुलगी नव्हे. निरोपाचा अर्थ सगळ्यांना कळला. दुसऱ्या दिवशी सर वर्गात म्हणाले, “आजपास्नं समद्यांलाच पाटी.” विषय संपला.

आता माझा पराक्रम ऐका. दर महिन्याला ताडकळसला आसपासच्या शाळांच्या शिक्षकांची बैठक भरायची. तिथे मी उठून उभी राहिले आणि आमच्या शाळेत इंग्रजी उच्चारांची एक नवीन पद्धत चालते म्हणून पाच मिनिटं भाषण ठोकलं. कुणी मला विचारलं नव्हतं. पण नव्या मास्तरणीला बोलायची हौस असते, ती मी भागवून घेतली. सर कोपऱ्यात बसले होते. मला वाटलं, खूश होतील. ते माझ्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, लाजले.

पंधरा दिवसांत पाटी पद्धत चार गावांत पोचली. शेजारच्या गावचे एक गुरुजी मुद्दाम सायकलवर आले, दोन तास वर्गात बसले आणि परत जाऊन त्यांनीही पोरांच्या गळ्याला पाट्या लावल्या. पुढच्या बैठकीत त्यांना मी विचारलं, “काय गुरुजी, जमतंय का?”

“जमतंय की.”

“हाताला काय लागतं?”

गुरुजींनी थोडा विचार केला. “गार लागतंय,” म्हणाले.

आम्ही खूप हसलो. सरही हसले, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

मग तो वळवाचा दिवस. दुपारी वावटळ सुटली आणि आमच्या मधल्या भिंतीवरचा एक पत्रा उखडून सरांच्या वर्गात, बरोबर त्यांच्या पाठीमागे, फरशीवर आदळला. असा आवाज झाला की माझ्या हातातली पट्टी खाली पडली. मी धावत पलीकडच्या दारात गेले. पोरं बाकांखाली शिरली होती. दोघी-तिघी रडत होत्या. आणि सर फळ्याकडे तोंड करून लिहीत होते. अक्षर जराही हललं नव्हतं. ओळ पुरी केली, शेवटी टिंब दिलं, खडू ठेवला आणि वळले. बाकं रिकामी दिसली. मग पत्रा दिसला. मग दारात मी दिसले.

तो चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. चोरी करताना धरलेला माणूसही इतका भीत नसेल.

शाळा सुटल्यावर ते माझ्या वर्गात आले. बाकावर बसले. “तुमी बघितलं बाई,” म्हणाले.

“हो.”

“मंग आता लपवून काय करू? मला ऐकू येत न्हाई. तीन वर्सं झाली.”

छातीचं दुखणं झालं होतं. नव्वद दिवस रोज एक इंजेक्शन. डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं की छाती वाचेल, कानाचं मी सांगत नाही. आधी पाखरं ऐकू यायची बंद झाली, मग शाळेची घंटा, मग माणसं. नोकरी दुखण्याच्या आधीची, म्हणून कुणी तपासलं नाही. ते ओठ बघून बोलणं ओळखत. पण ओठांवरून सिट आणि सीट वेगळं काढणं अवघड, म्हणून बोटं. लांब स्वराला गळा जास्त वेळ थरथरतो आणि तो थरथराट पाटीच्या लाकडात उतरतो. त्यांच्या बोटांना तो कळायचा. बाकीच्या गुरुजींचे कान शाबूत होते, म्हणून त्यांच्या बोटांना नुसतं गार लागायचं.

म्हणजे मी ज्या पद्धतीचा डांगोरा पिटला होता ती पद्धत नव्हती, त्या माणसाची लपायची जागा होती. आणि मी तिच्याकडे बोट दाखवून आले होते.

“सर, माझं चुकलं हो,” मी म्हणाले. दोनदा म्हणाले, कारण पहिल्यांदा माझी मान खाली होती.

“तुमाला काय म्हाईत,” ते म्हणाले. “भ्यायचं न्हाई. पण जपून ऱ्हायचं.” हे त्यांचं पालुपद होतं. त्यातलं दुसरं त्यांना साधत होतं, पहिलं नाही. रस्त्यावर लांबून सायकलवर अनोळखी माणूस दिसला तरी ते मला खुणेनं विचारायचे, कोण? तपासणीला ते जुन्या हैदराबादी सवयीनं मुआयना म्हणायचे, आणि त्या शब्दाबरोबर त्यांचा हात आपोआप शर्टाच्या वरच्या गुंडीकडे जायचा.

त्या दिवसापासून आमचा एक नेम सुरू झाला. सकाळी प्रार्थनेच्या आधी ते माझ्या वर्गात येत आणि दहा शब्द म्हणून दाखवत. स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नव्हता. दुखण्याच्या आधी औरंगाबादला प्रशिक्षणात तबकडीवर ऐकलेले स्वर त्यांनी डोक्यात जपून ठेवले होते, त्या आठवणीवर ते बोलत. “बाई, मला ‘सीट’ आठवती. पण आठवण किती दिवस पुरायची? कमी व्हायलं की सांगा मला. लेकरांला चुकीचं जायला नको.”

गंमत बघा. ज्याला ऐकू येत नाही त्यानं शिकवायचं आणि जिला इंग्रजीचा गंध नाही तिनं तपासायचं. लांब किती आणि आखूड किती हे मला त्यांनीच शिकवलं होतं. तरी मी मान डोलवून “बरोबर” म्हणायचे.

दिवाळीनंतर एका सकाळी ‘पूल’ आखूड आला. मी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा आखूड. सर माझ्या तोंडाकडे बघत उभे, शाळेतल्या पोरासारखे. मी “बरोबर” म्हणाले. ते खोटं मी अजून वागवते आहे. खरं सांगितलं असतं तर ते त्याच दिवशी खडू ठेवून घरी गेले असते असं मला तेव्हा वाटलं होतं, आणि आजही वाटतं.

त्यांच्या घरी मी एकदाच गेले. दोन खोल्या, सारवलेलं अंगण, भिंतीवर बुद्धाची तसबीर. वहिनी, म्हणजे सरांच्या मंडळी, आणि दोन मुली. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की त्या घरात आवाजच नाही. वहिनी बोलत होत्या, मुली बोलत होत्या, सर उत्तरं देत होते, पण ओठ नुसते हलत होते. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी आवाज कशाला काढायचा, आणि काढला तर एकच गोष्ट दोन-दोनदा सांगावी लागते हे शेजारी ऐकतील. मी चहाची बशीसुद्धा हळू ठेवली.

सर विहिरीवर गेले तेव्हा वहिनी खऱ्या आवाजात बोलल्या. “बाई, नोकरीचं एवढं काय न्हाई. गेली तर मी रोजानं जाईन, मला लाज न्हाई. पण ह्या वाड्यातली लेकरं ह्यांच्याकडं बघून शाळंत जायलीत. उद्या ह्यांला काढलं तर लोक काय म्हणतेत? कान गेले म्हणून काढलं म्हणतेत का? म्हणतेत, ह्यांच्या लोकांला जमतच न्हाई. त्याचंच भ्याव हाय मला.”

संध्याकाळी माझ्या घरमालकीणबाईंनी विचारलं, तिकडे चहा घेतला का. मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून माझा पाण्याचा तांब्या ओट्यावर वेगळा ठेवलेला असायचा.

संक्रांतीच्या सुमारास हेडमास्तर कागद नाचवत आले. शिक्षण खात्याचे मोठे साहेब स्वतः पाटी पद्धत बघायला येणार होते. नमुना पाठ ठेवायचा, आसपासच्या सगळ्या शाळांचे शिक्षक बोलवायचे, शाळेला पांढरा रंग द्यायचा. हेडमास्तरांचं पाऊल जमिनीला लागत नव्हतं. सरांनी कागद वाचला, घडी घातली, उघडला, परत वाचला.

पुढचे बारा दिवस आम्ही दोघांनी कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. ठरलं असं, की पाठाच्या वेळी मी खिडकीशेजारच्या तिसऱ्या बाकावर, सरांच्या समोर बसायचं. मागून कुणी काही विचारलं तर मी पदर उजव्या खांद्यावर घ्यायचा, म्हणजे सर वळतील. साहेबांच्या ओठांवर मिशा असल्या तर काय, हा प्रश्न सरांनी मला चार वेळा विचारला. मिशांवर माझ्याकडे इलाज नव्हता. मी नुसती “नसतील हो” म्हणायचे.

मिशा होत्या. चांगल्या भरघोस होत्या. जीपमधून साहेब उतरले तेव्हा सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी जाऊन तिसरं बाक धरलं.

चाळीसेक शिक्षक दाटीवाटीनं बसले होते. पाठ सुरू झाला. पाटी, दोन बोटं, मिटलेले डोळे. पोरं घाबरून अशी शहाण्यासारखी वागली की बघत राहावं. सरांनी फळ्यावर शब्द लिहिले, म्हणून दाखवले, आणि त्यांचा ‘पूल’ सगळ्या जिल्ह्यासमोर आखूड आला. मी बाकाची कड धरली. कुणाच्याच चेहऱ्यावर काही हललं नाही. साहेबही परभणीकडचेच होते, त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ तुमच्या-आमच्यासारखेच.

एकदा साहेबांनी सरांच्या पाठीमागून काहीतरी विचारलं. मी पदर असा काही ओढला की शेजारचे गुरुजी दचकले. सर वळले. मिशांत काय दिसणार? पण साहेबांचा हात पाटीकडे होता. सरांनी पाटी पुढे केली. तो नेम बरोबर लागला. साहेबांनी पाटी घेऊन स्वतःच्या गळ्याला लावली.

साहेबांचा गळा, सरांची बोटं, आणि मध्ये ती वीतभर पाटी. त्या मोठ्या घरचे मालक पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसले होते. सरांनी डोळे मिटले. साहेब काहीतरी म्हणाले. सर म्हणाले, “आखूड.” साहेब पुन्हा म्हणाले. “लांब.” साहेबांनी तिसऱ्यांदा अर्धवटच काहीतरी म्हटलं, परीक्षा बघायला. सरांनी बोटं पाटीवर जरा दाबली. “मधीच सोडलं साहेब तुमी,” म्हणाले.

साहेब जे हसले! सगळी खोली हसली. टाळ्या पडल्या. सरांनी डोळे उघडून टाळ्या बघितल्या आणि त्यांच्या अंगातला ताठा एकदम गेला. गळ्यापर्यंत लावलेली वरची गुंडी त्यांनी सगळ्यांदेखत उघडली.

मग साहेब फळ्याकडे पाठ करून बोलायला उभे राहिले. सर त्यांच्या मागे. साहेब म्हणाले, असा शिक्षक खेड्यात ठेवणं पाप आहे. परभणीला शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र सुरू होतंय, तिथे ह्यांची नेमणूक मी करवून घेतो. नवी नेमणूक आहे, डॉक्टरी दाखला वगैरे लागेल, तेवढं हेडमास्तरांनी लगेच बघावं. पुन्हा टाळ्या. साहेबांच्या पाठीमागे उभे राहून सरही हसतमुखानं टाळ्या वाजवत होते. वाटलं असेल, साहेब शाळेचं कौतुक करतायत.

जीप गेली. धूळ खाली बसली. सर माझ्याकडे आले. इतके मोकळे मी त्यांना कधी पाहिले नव्हते. “निभलं बाई!” म्हणाले. “निभलं! शेवटाला काय म्हणले साहेब?”

मला सांगावं लागलं. हळूहळू, ओठ नीट उघडून, एकेक शब्द. डॉक्टरी दाखला हे दोन शब्द ते माझ्या तोंडावरून वाचत असताना मला स्वतःचं तोंड फोडून घ्यावंसं वाटलं.

त्यांनी उघडलेली गुंडी परत लावली. मग म्हणाले, “चांगलं केलं तरी फासच.”

नकार देऊन पाहिला. हेडमास्तर म्हणाले, “खुळे का काय तुमी? साहेबांचा शब्द मोडायचा? न्हाई म्हणायला कारण काय लिवू?” कारण तर सांगता येत नव्हतं. मी खरं सांगून टाकू का म्हणून दोनदा हेडमास्तरांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. सरांनी मला तसं करू दिलं नसतं. हेडमास्तरांनी अर्ज स्वतःच भरला, सरांची सही घेतली. परभणीच्या सरकारी दवाखान्यातली तारीख आली.

सरांनी कुणाकडून तरी आडून आडून माहिती काढली. कान कसे तपासतात? “मागं उभं ऱ्हाऊन नाव पुकारतेत,” ते म्हणाले. “हळू आवाजात. तीनदा. आपण ‘जी’ म्हणायचं.” मग शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आम्ही तालीम करू लागलो. ते फळ्याकडे तोंड करून बसायचे, मी मागून त्यांचं नाव घ्यायचे. सुरुवातीला दोनदा जमलं. नंतर कळलं की मी नाव घेण्याआधी पुढे वाकते आणि भिंतीवर हललेली माझी सावली त्यांना दिसते. मी जागची हलेनाशी झाले. मग काहीच जमेना. मी हाका मारत राहायचे आणि ते शांत बसून. आणि मध्येच, मी गप्प असताना, त्या मोकळ्या वर्गात ते अंदाजानं म्हणायचे, “जी.”

तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, आता पुरे.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. सरांना वर्गावरून काढलं. नोकरी गेली नाही, तालुक्याच्या कचेरीत आवक-जावक लिहायला बसवलं. अक्षर मोत्यासारखं होतं, त्यामुळे तिथे कुणाची तक्रार नव्हती. गावात लोक जे बोलले ते वहिनींनी आधीच मला सांगून ठेवलं होतं, शब्दही फारसे बदलले नाहीत. पाचवीला नवे मास्तर आले. त्यांनी पाट्या बंद केल्या. वर्षभरात सर कुटुंब घेऊन निघून गेले, आणि माझीही बदली झाली. एकदा त्यांचं पत्र आलं होतं. त्यात सगळ्यांची खुशाली होती, मुली शाळेत हुशार आहेत असं होतं, इंग्रजीबद्दल एक अक्षर नव्हतं. त्या पत्राला मी उत्तर लिहिलं नाही. त्या ‘पूल’बद्दल लिहावं की न लिहावं ह्या विचारात राहून गेलं.

पण मला सर आठवतात ते कचेरीतले नाहीत. मला तो परभणीचा दिवस आठवतो.

सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं गेलो, सर, वहिनी आणि मी. दोघांनीही मला चला म्हटलं नव्हतं, मीच निघाले होते. सरांनी नवा सदरा घातला होता. वाटेत ते खिडकीबाहेर बघत होते आणि ओठांनी काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं शब्द म्हणतायत. नीट पाहिलं तर ‘जी’ म्हणत होते, वेगवेगळ्या अंतरानं, पुन्हा पुन्हा.

दवाखान्यात लांब व्हरांडा होता. आम्ही बाकावर बसलो. शिपायानं हाक मारली, वहिनींनी सरांच्या गुडघ्याला हात लावला, तसे ते उठले. दारापाशी जाऊन एकदा आमच्याकडे वळून पाहिलं. “भ्यायचं न्हाई,” म्हणाले. पुढचं वाक्य म्हणायचं राहिलं. दार लागलं.

आतलं बोलणं ऐकू येत होतं. दाराची फळी पातळ होती. डॉक्टरांनी वय विचारलं, सरांनी खणखणीत आवाजात सांगितलं. छाती तपासली. डोळे तपासले. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि सगळं शांत झालं. वहिनींनी माझं मनगट धरलं.

डॉक्टरांनी नाव पुकारलं. साध्या आवाजात, घरातल्या माणसाला बोलवावं तसं. मी आणि वहिनी, दोघींनी ते स्वच्छ ऐकलं. आतून काही उत्तर आलं नाही.

दुसऱ्यांदा पुकारलं. जरा मोठ्यानं. व्हरांड्यातल्या इतर लोकांनीही दाराकडे पाहिलं. माझ्या तोंडात ‘जी’ आला होता, मी तो गिळला. वहिनींची नखं माझ्या मनगटात रुतली होती आणि त्यांचे ओठ हलत होते, घरात हलायचे तसे, बिनआवाजाचे.

डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी तिसरी हाक चांगली मोठ्यानं मारली, शेतात उभ्या माणसाला मारावी तशी.

वहिनी बाकावरून ताडकन उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि त्या बंद दाराकडे तोंड करून, सगळा व्हरांडा वळून बघेल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, “जी! जी साहेब! हायेत, आतच हायेत.”